धावपट्टीवरचा ऑर्लिन

कॉटर गावात एखादी गोष्ट खात्रीने जाणून घ्यायची असली, की माणसं मोझेलच्या कॅफेत खिडकीजवळच्या लांब टेबलाकडे येत आणि ऑर्लिन श्रागला विचारत. ऑर्लिनला माहीत असलं तर तो दोन वाक्यांत सांगायचा. माहीत नसलं तर म्हणायचा, "मी पाहिलं नाही." त्यापुढे कितीही खोदून विचारलं तरी तो फक्त दालचिनीच्या गोड रोलचा तुकडा चिलीच्या, म्हणजे तिखट खिमा-राजम्याच्या, वाटीत बुडवायचा आणि खायला लागायचा.

गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर तो इंधन भरायचा. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याची एक शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारा केशरी कापडी मोजा आणि सभोवार मका कापून नेल्यावर उरलेले खुंट. उन्हाळ्यात शेतांवर फवारणी करणारी पिवळी विमानं दिवसभर ये-जा करत. हिवाळ्यात ती शेडमध्ये झाकून ठेवलेली असत आणि ऑर्लिनला फारसं काम नसे. तरीही तो रोज सकाळी जायचा, शेगडी पेटवायचा, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन दगड, काटक्या उचलायचा. मी शेतकी सहकारी संस्थेत हिशेब पाहतो. विमानांचं इंधन आमच्या संस्थेमार्फत जातं, त्यामुळे माझं तिथे अधूनमधून जाणं व्हायचं. टेबलावरची मंडळी मला "हिशेबनीस" म्हणतात. आता निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, त्यामुळे हे नाव बहुधा माझ्याबरोबरच जाईल.

ऑर्लिनच्या शब्दाला एवढी किंमत का आली, ते सांगायला हवं. रॉस टॅलबर्ट आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा (चेंडू हातात धरून पुढे घुसायचं, तो आमचा फुटबॉल) कोच म्हणून आला, त्याच्या आदल्या दिवशी ऑर्लिनने टेबलावर त्याचं नाव सांगितलं होतं. पेपरला पत्ता नव्हता, टीव्हीला नव्हता. आम्ही विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "विमानातून एक माणूस उतरला. त्याने बाथरूम विचारलं नाही, कॉफी विचारली नाही. स्टेडियम कोणत्या बाजूला आहे ते विचारलं. मग मी नाव विचारलं." तेव्हापासून कोच, खेळाडू, कॉलेजचे देणगीदार यांच्याबद्दल ऑर्लिनने सांगितलं की ते झालंच, असं गाव धरून चालायचं. तो कधी चुकला नव्हता, कारण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते तो बोलतच नसे.

लग्न त्याने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "सोमवारी संध्याकाळी रेडिओ, शनिवारी मॅच. मधल्या दिवसांत कोणती बाई टिकेल?"

हा सोमवारचा रेडिओ म्हणजे कोचचा कार्यक्रम. हंगाम चालू असला की कोच दर सोमवारी निवेदकाशेजारी बसतो आणि गावातली माणसं फोन करून त्याला जाब विचारतात. निवेदक फोन जोडून म्हणायचा, "ऑर्लिन, धावपट्टीवरून," आणि कॅफेत सगळे गप्प व्हायचे. गेल्या ऑक्टोबरातला त्याचा फोन लोकांना अजून आठवतो. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता, एकच यार्ड पुढे जायचं होतं, आणि टॅलबर्टने धोका न पत्करता चेंडू लाथेने दूर उडवून समोरच्या संघाला देऊन टाकला होता. मॅच आम्ही हरलो.

"रॉस," ऑर्लिन म्हणाला होता, "एक यार्ड म्हणजे माझं एक पाऊल. तुमची धिप्पाड पोरं एक पाऊल पुढे जातील असं तुम्हाला वाटत नाही? मग त्यांना शिकवता तरी काय?"

  त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. शेवटची मॅचही हरल्यावर रविवारी दुपारी कॉलेजने टॅलबर्टला काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "ऑर्लिन, तुझ्या एका फोनने माणूस घरी गेला बघ." ग्लेनिस पूर्वी शाळेची बस चालवायची. तिचा आवाज अजून बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असाच आहे. ऑर्लिनला ते बोलणं आवडलं नाही, पण नाकारलंही नाही.

टॅलबर्टचा करार संपायला अजून बरीच वर्षं होती. त्याची भरपाई बियाणं कंपनीच्या ड्वेन कीस्लरने दिली, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मोटारीच्या दुकानाचा माणूस येऊन टॅलबर्टच्या दारातली गाडी घेऊन गेला. आमच्याकडे कोचला गाडी दुकानदार वापरायला देतो. पद गेलं की गाडीही जाते.

मग नव्या कोचचा शोध सुरू झाला. या दिवसांत गावाला दुसरं काम नसतं. पूर्वी लोक पेपरची वाट पाहायचे. आता प्रत्येकाच्या फोनवर आकाशातली विमानं दिसतात. कीस्लरच्या विमानाचा नंबर गावातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे, कारण कोच आणायचा तर तो त्याच विमानातून येणार. विमान कुठे उतरलं ते पाहायचं, त्या भागातल्या कॉलेजांची नावं काढायची, तिथला कोणता कोच नाराज आहे ते शोधायचं, आणि संघाच्या चाहत्यांच्या चर्चेच्या पानावर लिहून टाकायचं. तासाभरात ती बातमी होते.

त्या मंगळवारी विमान मिनेसोटाला गेलं आणि गुरुवारी परत आलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तिकडेच.

"लिंडक्विस्ट!" हार्ली टिमन्सने फोन टेबलावर आपटला. हार्ली न्हावी आहे. गावात ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्याचं मत हार्लीला माहीत असतं. "मिनेसोटात दुसरा आहे कोण? तिथल्या कॉलेजच्या संघाचं आक्रमण तोच बघतो. चौथ्या प्रयत्नावर लाथ मारणं त्याला माहीतच नाही."

"माणूस दोनदा भेटायला बोलावलाय म्हणजे बायकोला घर दाखवायचं राहिलंय," ग्लेनिस म्हणाली. "बायको हो म्हणाली की झालं."

"पेपरात तर त्याचं नाव नाही," मी म्हणालो.

"पेपरात कॉलेज सांगेल ते येतं रे," ग्लेनिस म्हणाली. "आणि टीव्हीवाले? माणसाला काढलं की येतात. अकरा वर्षांत आपल्या पोरांची एक मॅच नीट दाखवली का त्यांनी?"

"ऑर्लिन," हार्ली म्हणाला, "तू तिथे होतास. कोण उतरलं?"

ऑर्लिनने रोलचा तुकडा वाटीत बुडवला. "मी पाहिलं नाही."

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. विमानात इंधन त्यानेच भरलं होतं.

त्याने काय पाहिलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण गोष्ट क्रमाने सांगायची तर ते इथेच सांगायला हवं.

पहिल्या गुरुवारी विमान उतरलं तेव्हा पायऱ्यांवरून आधी रॉस टॅलबर्ट उतरला. त्याच्या सगळ्या कोटांवर कॉलेजचं चिन्ह होतं, म्हणून त्याने मेहुण्याचा शेतावरचा खाकी कोट घातला होता. त्याच्या आधाराने त्याची बायको कॅरोलिन उतरली. डोक्याला लोकरीची टोपी, चेहरा राखेसारखा. मिनेसोटातल्या मोठ्या इस्पितळात तिच्यावर उपचार चालू होते. मोटारीने जायचं तर पूर्ण दिवस लागतो आणि तिला तेवढा वेळ बसवत नव्हतं. विमान कीस्लरने दिलं होतं. नवऱ्याला काढायला पैसे त्यानेच दिले आणि त्याच आठवड्यात बायकोसाठी विमानही त्यानेच पाठवलं. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावावर आहेत, आणि त्यातली एक दुसरीने खोडली जात नाही, एवढंच मी म्हणेन.

ऑर्लिनने त्यांना शेडमध्ये शेगडीजवळ बसवलं. न्यायला येणारी गाडी पोचायची होती. टॅलबर्ट फोन करायला बाहेर गेला. ऑर्लिन म्हणाला, "मॅडम, कॉफी देऊ?"

कॅरोलिनने मान वर केली. "तुमचा आवाज ओळखीचा आहे. सोमवारी रेडिओवर असता ना तुम्ही? धावपट्टीवरून?"

ऑर्लिन मला म्हणाला की त्या क्षणी त्याला इंधनाच्या टाकीमागे जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण तो म्हणाला, "हो, मॅडम."

"ते एक यार्डचं," ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. मी घरी त्याला तेच म्हणत होते. तो रात्रभर माझ्याशी बोलला नाही."

 त्याने कॉफी दिली. तिला पेला हातात धरायलाच हवा होता, प्यायला नको होता. मग ती म्हणाली, "तुमच्याकडे एक मागू का? आमची मुलगी आरमारात आहे, बोटीवर. नाताळला घरी येईल. हे तिला मी समोर बसवून सांगणार आहे. वडलांची नोकरी गेली ते तिने फोनवर वाचलं. हे तरी तिने फोनवर वाचू नये. नाताळपर्यंत जमेल का गप्प राहायला?"

"मॅडम, मला गप्प राहण्याचा सराव आहे," ऑर्लिन म्हणाला.

नुसतं गप्प राहून भागलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या फेरीच्या वेळी चर्चेच्या पानावर कोणीतरी लिहिलं की गुरुवारी विमान परत येईल तेव्हा लिंडक्विस्ट त्यात असणार, आणि स्वागताला जायचं ठरवा. बुधवारी सकाळी मी कॅफेत गेलो तर ग्लेनिस एका जुन्या चादरीवर लाल रंगाने अक्षरं काढत होती. हार्लीने बँडमधल्या पोरांना विचारलं होतं. मोझेल थर्मास भरून कॉफी पाठवणार होती. शहरातून टीव्हीची गाडी येणार असल्याचंही कळलं. शेपन्नास माणसं धावपट्टीच्या कुंपणाला लागून कॅमेरे उंच धरून उभी राहणार, आणि पायऱ्यांवरून लोकरीची टोपी घातलेली कॅरोलिन उतरणार. तिचा फोटो तिच्या मुलीच्या बोटीवर पोचायला किती वेळ लागला असता?

नोरीन व्हास्कोही टेबलाजवळ उभी होती. नोरीन आमच्या गावच्या पेपरसाठी खेळाच्या बातम्या लिहिते. वीसेक वर्षं ती दर शनिवारी त्या थंडगार पत्रकार-कक्षात बसते, आणि आजवर ऐकीव गोष्ट तिने छापलेली नाही. चर्चेच्या पानावरची माणसं तिला कॉलेजची चमची म्हणतात आणि कॉलेजवाले तिचा फोन उचलत नाहीत. यावरून तिचं लेखन कसं असेल ते समजावं.

"काय गं नोरीन, आज तरी लिंडक्विस्टचं नाव छापणार की आम्हीच छापू?" हार्लीने चिमटा काढला.

"तू केस काप. एकेकाळी माझेही वाकडे कापलेस," नोरीन म्हणाली आणि ऑर्लिनसमोरची खुर्ची ओढली. "ऑर्लिन, मी यांचं ऐकत नाही. तुला विचारते. उद्या काय आहे?"

 ग्लेनिसचा ब्रश थांबला.

ऑर्लिनने रोल बाजूला ठेवला. त्याने असं केलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "विमान उद्या रिकामं येतंय. काहीतरी दुरुस्तीचं आहे. माणूस विमानाने येणारच नाही. पश्चिमेकडून रस्त्याने येतोय. ब्रँट गावच्या हायवेवरच्या स्टीकहाऊसमध्ये मागची खोली घेतली आहे, दुपारी."

"पश्चिमेकडून? म्हणजे लिंडक्विस्ट नाही?"

"लिंडक्विस्ट नाही."

"मग कोण?"

"नाव मला माहीत नाही."

"तू हे ऐकलंस की पाहिलंस?" नोरीनने विचारलं.

"कीस्लर फोनवर खोली सांगत होता. मी शेजारी उभा होतो."

नोरीनने वही उघडली. "छापू?"

"छाप," ऑर्लिन म्हणाला.

तिने पेन काढलं. ग्लेनिस चादरीकडे बघून ओरडली, "अरे देवा, मी 'लिंड'पर्यंत लिहून बसले की!" सगळे हसले. ऑर्लिनही हसला, पण त्याचे हात टेबलाखाली होते.

बाहेर पडताना त्याने मला गाडीजवळ गाठलं. "हिशेबनीस, तुझ्या व्हॅनचं मागचं बाक निघतं का?"

"निघतं. का?"

"उद्या दुपारी काढून घेऊन ये. गादी आहे का घरी? ती घाल." मग तो म्हणाला, "आता सांगतो ते ऐक, आणि मग विसर." तिथेच पार्किंगमध्ये, वाऱ्यात उभं राहून त्याने मला सगळं सांगितलं.

गुरुवारी दुपारी सगळं गाव ब्रँटला गेलं. नोरीनच्या बातमीत "विमानतळावरच्या विश्वसनीय माणसाकडून" असे शब्द होते, आणि गावात तो माणूस एकच होता. टीव्हीची गाडीही गेली. विमान उतरलं तेव्हा धावपट्टीवर ऑर्लिन, मी आणि तो केशरी मोजा, एवढेच होतो.

या वेळी कॅरोलिनला पायऱ्या उतरणं जमेना. ऑर्लिन आणि टॅलबर्टने तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. मी व्हॅनचं दार धरून उभा होतो. गादीवर टेकल्यावर तिने खिडकीतून कुंपणाकडे पाहिलं. "वैमानिक म्हणत होता, आज गर्दी असणार."

"ब्रँटला पाठवली, मॅडम."

"सगळी?"

"बँडसकट."

ती हसली. हसताना तिला दुखत होतं हे दिसत होतं, तरी ती हसत राहिली. "थंडीत वाजवताना ट्रम्पेट ओठांना चिकटतं, बिचारी पोरं," ती म्हणाली.

टॅलबर्टला काही हसू आलं नाही. तो ऑर्लिनकडे वळला. "तू त्यांना काय सांगितलंस?"

"कोच रस्त्याने येतोय म्हणून."

"आणि पेपरला?"

"पेपरलाही तेच."

टॅलबर्ट गाव ओळखून होता. अकरा वर्षं त्याने ते टेबल सोसलं होतं. तो म्हणाला, "उद्या ते तुला सोडणार नाहीत."

"सोडतील. सोमवारी रेडिओवर जाब द्यायला मी बसत नाही ना," ऑर्लिन म्हणाला.

मग मात्र टॅलबर्ट किंचित हसला. त्याने खाकी कोटाच्या बाहीने नाक पुसलं आणि व्हॅनमध्ये बायकोशेजारी बसला. मी हळू चालवत त्यांना घरी सोडलं. रस्त्यावर कुत्रंदेखील नव्हतं.

शुक्रवारी सकाळी कॅफेत काय झालं त्याचा तपशील देण्यासारखा नाही. माणसं दुपारभर स्टीकहाऊसच्या पार्किंगमध्ये कुडकुडत उभी होती. मागच्या खोलीत कोणाच्या तरी आजोबांचा वाढदिवस होता. बँडच्या पोरांनी नाइलाजाने त्या आजोबांसाठी वाजवलं. चर्चेच्या पानावर ऑर्लिनच्या नावाने एक वेगळं पान उघडलं गेलं. हार्लीने टेबलावर एक कागदी विमान ठेवलं होतं, त्यावर लिहिलं होतं, "रिकामं".

"माझे पाय अजून गरम झाले नाहीत," ग्लेनिस म्हणाली. "ऑर्लिन, तू आयुष्यात एकदा चुकलास, तर मी बाहेर उभी असतानाच चुकायचं होतं का?"

"कीस्लरने बेत बदलला असेल," ऑर्लिन म्हणाला.

नोरीन आत आली ती उभ्यानेच बोलली. "कीस्लरला मी फोन केला. त्याने खोली घेतलीच नव्हती. कधीच नव्हती." तिने पिशवीतून पेपर काढला. "माझ्या नावाखाली चूक छापली गेली. आज तिसऱ्या पानावर दुरुस्ती आहे. तुझं नाव मी घातलेलं नाही." तिने कॉफी घेतली नाही. निघून गेली.

ऑर्लिनने रोल तसाच ठेवला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी हलवली, म्हणजे, बोलू नकोस.

पुढच्या आठवड्यात कॉलेजने नवा कोच जाहीर केला. डेव्हन प्रुइट नाव. दक्षिणेकडच्या एका लहान कॉलेजातला, तरुण, चष्मेवाला. तो प्रवासी विमानाने शहरात उतरला होता आणि भाड्याची गाडी चालवत आला होता. त्याला गावात येताना कोणीही पाहिलं नाही.

"रस्त्याने तरी आला," हार्ली म्हणाला. "ऑर्लिनला अर्धा गुण द्या."

नव्या कोचच्या पत्रकार परिषदेवर मग टेबलाने महिनाभर चर्चा केली. तो 'आकडेवारी' हा शब्द फार वापरतो असं ग्लेनिसचं म्हणणं, आणि चष्मा पुसताना तो उत्तर शोधतो असं हार्लीचं. टीव्हीने त्याची बायको आणि जुळ्या मुली दाखवल्या, पण तो कोणत्या पद्धतीने खेळतो ते विचारलं नाही. ते नोरीनने विचारलं. ऑर्लिन ऐकत बसायचा. कोणी त्याचं मत विचारत नव्हतं, आणि विचारलं तर हसण्यासाठी विचारत होतं. एखादा नवखा माणूस टेबलाकडे येऊन काही विचारू लागला, की हार्ली म्हणायचा, "याला नको विचारूस, हा तुला ब्रँटला पाठवेल." सुरुवातीला सगळे हसत. नंतर ती एक सवय झाली. सवयीचं हसणं जास्त लागतं, कारण त्यामागे कोणाचा राग नसतो.

मी एकदा त्याला म्हटलं, "सांगून टाकू का मी?"

"मुलगी आली का घरी?"

"अजून नाही."

"मग?"

नाताळला मुलगी आली. जानेवारीत टॅलबर्ट कुटुंबाने स्वतःच चर्चमध्ये सांगितलं आणि नोरीनने पेपरात चार ओळी दिल्या. उपचार कुठे चालू आहेत, विमान कोणी दिलं, एवढंच. मोझेलने पेपर टेबलावर ठेवला. ग्लेनिसने वाचला, हार्लीकडे दिला. हार्लीने वाचला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"मिनेसोटा," तो म्हणाला. "मंगळवार-गुरुवार."

 मग ग्लेनिस ऑर्लिनकडे वळली. "आणि मी चादर रंगवत होते. तुझ्या डोळ्यांसमोर."

"अक्षर चांगलं होतं," ऑर्लिन म्हणाला.

"गप रे!" ती उठली, काउंटरपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. हार्लीला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून तो म्हणाला, "म्हणजे आम्ही थंडीत मरतोय हे तुला तेव्हाच माहीत होतं!" पण त्याने खिशातून पैसे काढून ऑर्लिनच्या रोलचे दिले. ऑर्लिनने ते दिसलंच नाही असं दाखवलं.

नोरीन दुपारी विमानतळावर गेली. मी इंधनाच्या कागदांवर सही घ्यायला गेलो होतो, म्हणून मला ऐकायला मिळालं. ती शेगडीशी उभी राहून म्हणाली, "मला सांगायचं होतंस. मी छापलं नसतं, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण मग टेबलावर बसून तुलाही नाटक करावं लागलं असतं. ते तुला येत नाही."

"तुला तरी कुठे येतं? मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. तू रोल बाजूला ठेवला होतास." तिने हातमोजे चढवले. "कारण समजलं मला, ऑर्लिन. पण मी विचारलं होतं, छापू का? आणि तू छाप म्हणालास. ते कारणाने पुसलं जात नाही."

"नाही जात," ऑर्लिन म्हणाला.

ती गेली. तेव्हापासून ती टेबलाशी बसते, ऑर्लिनची चौकशी करते, पण बातमीचं त्याला काही विचारत नाही. तिचं चूक आहे असं मला वाटत नाही. ऑर्लिनलाही वाटत नाही.

टॅलबर्ट गाव सोडून गेले नाहीत. कॅरोलिनच्या फेऱ्या चालू राहिल्या, विमान कीस्लरचंच राहिलं, आणि रॉस शाळेत इतिहास शिकवू लागला. गाडी त्याने जुनी विकत घेतली.

मग सप्टेंबर आला. प्रुइटची पहिली मॅच झाली आणि आम्ही थोडक्यात हरलो. शेवटच्या काही मिनिटांत चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा, आणि तो आकडेवारीवाला कोच चष्मा पुसून चेंडूला लाथ मारवून मोकळा झाला. स्टेडियममधून निघाल्यापासून लोक ऑर्लिनला घेरून विचारत होते, "सोमवारी फोन करणार ना?" आणि या वेळी कोणी थट्टेने विचारत नव्हतं.

"नाही," ऑर्लिन म्हणाला. "मी आता नुसतं ऐकतो."

सोमवारी संध्याकाळी कॅफे भरला होता. मोझेलने रेडिओ काउंटरवर आणून ठेवला. प्रुइट सगळ्यांना नीट, लांबलचक उत्तरं देत होता. दोन-तीन फोन झाले. मग निवेदक म्हणाला, "धावपट्टीवरून आज फोन नाही. पण आणखी एक जण गावातूनच आहे. बोला, कॅरोलिन."

ग्लेनिसने कप खाली ठेवला.

"कोच प्रुइट," रेडिओवरचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता, "गावात स्वागत आहे. आता मला एवढं सांगा. एक यार्ड हवा होता. लाथ का मारली?"

प्रुइटने घसा साफ केला. मागे कोणीतरी पुरुष, बहुधा तिच्याच घरातला, "कॅरोलिन, पुरे," म्हणाल्यासारखं ऐकू आलं.

हार्ली ऑर्लिनकडे बघायला लागला, मग सगळेच. ऑर्लिनने रोलचा मोठा तुकडा तोडला आणि चिलीत बुडवला.

"मोझेल," तो म्हणाला, "जरा मोठा कर. उत्तर ऐकायचंय."